तीन गावांचा नियम

बनकर साहेबांच्या खांद्यावरच्या पिशवीत काय काय असते याची मी एकदा यादी केली होती. लाकडी फूटपट्टी, खडूचे तुकडे, सुतळीचा गुंडा, एक पाना, एक बाजू मोडलेले कॅलिपर, पंचा, गूळ-शेंगदाण्याची पुडी आणि दोन वह्या. सरकारी कागद त्या पिशवीत एकही नसे. सरकारी कागद ते सायकलच्या कॅरिअरला लावून नेत आणि त्यातले काही वाटेत पडत. पडलेले कागद लोक कचेरीत आणून देत. साहेबांना त्याचे फार वाईट वाटत नसे. म्हणत, "कागद आणून द्यायच्या निमित्ताने माणूस आत येतो. एरवी कोण येतं?"

एकाहत्तरपासून पुढे सुमारे दोन वर्षे ते आमच्या तालुक्याला उद्योग विस्तार अधिकारी होते. मी श्रीरामपूरच्या त्या कचेरीत टायपिस्ट होते. त्यांचे मूळ गाव नेवाशाकडचे, पत्नी शिक्षिका, मुलगी एक. घरची माहिती माझ्याकडे एवढीच आहे आणि त्यांच्याविषयी सांगायला तेवढी पुरते.

ते हजर झाले त्या दिवशी हेडक्लार्क भाऊसाहेबांनी त्यांना टेबल दाखवले, फायली दाखवल्या, सहीचे रजिस्टर पुढे केले. त्यांनी सही केली आणि विचारले, "भंगार कुठे टाकता?"

कचेरीच्या मागे पत्र्याची एक खोली होती. तिथे वाटपासाठी आलेली आणि कोणी न नेलेली पेरणी यंत्रे गंजत पडली होती. साहेब आत शिरले ते अर्ध्या तासाने बाहेर आले. हात काळे, चेहरा प्रसन्न.

"भाऊसाहेब, अकरा यंत्रं आहेत. अकराही यंत्रांची स्प्रिंग गेलीय. बाकी सगळं जागच्या जागी आहे. याचा अर्थ काय?"

भाऊसाहेब म्हणाले, "याचा अर्थ मागच्या साहेबांच्या वेळची चोरी आहे. चार्ज घेताना तसं लिहून घ्या, नाहीतर तुमच्या गळ्यात येईल."

"याचा अर्थ असा की त्या यंत्रात कामाची वस्तू एकच होती."

पुढचा महिनाभर ते जिथे जातील तिथे स्प्रिंगा शोधत राहिले. शिपाई रंगनाथ सायकलवर त्यांच्याबरोबर असे, त्यामुळे हकीकत आम्हाला रोज ताजी मिळे. शेवटी हरेगावच्या रस्त्यावर उसाच्या एका गाडीला ती स्प्रिंग लावलेली दिसली. गाडीवानाने चाकाला लाकडी ठोकळ्याचा ब्रेक केला होता आणि तो ठोकळा चाकापासून मागे ओढून धरायला आमची स्प्रिंग वापरली होती. साहेबांना पाहून गाडीवान खाली उतरला.

"साहेब, म्या न्हाई काढली. बाजारात घेतली."

"बरं केलंस. उतारावर धरतो का ब्रेक?"

"धरतो की. बैलाच्या मानंवर वजन येत न्हाई."

"आणखी कुणी बसवलाय?"

गाडीवानाने इकडे तिकडे पाहिले. कोणाचे नाव सांगितले तर कोण अडकेल याचा अंदाज तो घेत असावा. साहेबांनी पुडी उघडून त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले, स्वतः रस्त्याच्या कडेला बसले आणि ब्रेकचे चित्र काढायला घेतले. चित्र निम्मे झाले तेव्हा गाडीवानाने चार नावे सांगितली, आणि चित्रात ठोकळा उलटा काढलाय हेही सांगितले.

त्या दोन वह्यांचा हिशेब असा. पहिल्या वहीत ते पाहिलेली प्रत्येक नवी खटपट लिहीत. कोळप्याला लावलेला जादा दात, गुऱ्हाळाच्या चुलाणाचे बदललेले तोंड, सायकलच्या चाकावर चालणारा धार लावायचा दगड. दुसऱ्या वहीत यातले फार थोडे जाई. त्यासाठी त्यांचा एक नियम होता. ती वस्तू कोणी न शिकवता, कोणी न वाटता, आपल्या आपण आणखी तीन गावांत गेलेली असली पाहिजे. तीन गावांत गेली की दुसऱ्या वहीत नोंद. दोन गावांपर्यंत गेली तर वाट पाहायची. म्हणून कोणी कारागीर आपली वस्तू दाखवू लागला की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणी चोरली का?" ज्यांना त्यांची ओळख होती ते अभिमानाने सांगत, "व्हय, लोणीच्या लोहारानं उचलली." ज्यांना नव्हती ते दुखावत.

राहात्याजवळचे एक मोठे बागाईतदार असेच दुखावले. त्यांनी गुऱ्हाळाच्या काहिलीतला रस ढवळायचे यंत्र केले होते, इंजिनावर चालणारे, हिरवा रंग दिलेले. त्यांनी साहेबांना मुद्दाम बोलावून घेतले, चहा दिला, यंत्र चालवून दाखवले.

साहेब म्हणाले, "छान आहे. कुणी चोरलं का?"

"आमच्या वस्तीवर चोऱ्या होत नाहीत," बागाईतदार म्हणाले.

"मग अजून थोडं काम बाकी आहे."

परत येताना रंगनाथाने त्यांना सांगितले, की साहेब, यांची वर ओळख आहे, जरा जपून बोलत जा. साहेब म्हणाले, "मी जपूनच बोललो. चुलाणावर बसलेल्या माणसाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, पाहुणे आले की लावतात."

नगरला जिल्ह्याच्या विकासाविषयी बैठक झाली तेव्हा साहेबांनी दोन पानांचे टिपण नेले. ते मी चार वेळा टाईप केले, कारण प्रत्येक वेळी ते एक वाक्य काढत. शेवटी राहिलेला मजकूर मला अजून बराचसा आठवतो. त्यांचे म्हणणे असे होते, की सगळे तालुके मोठा कारखाना मागतात आणि मागावाच. पण कारखाना आला तरी त्यातली अक्कल बाहेरून येते आणि बाहेरच राहते. जिल्हा पुढे जायचा तर इथल्या लोहाराला, सुताराला, मिस्त्रीला नवीन सुचत राहिले पाहिजे आणि ते शेजारच्याने उचलले पाहिजे. सुचायला पैसे लागत नाहीत. करून बघायला जागा लागते. म्हणून प्रत्येक तालुक्यात एक शेड असावी. तिच्यात लोखंड कातायचा एक लेथ, एक वेल्डिंगचा संच, एक ड्रिल. कोणीही यावे, करून बघावे, बिघडवावे. अट एकच, जे केले त्याचा एक नमुना भिंतीला टांगून जावे, म्हणजे दुसऱ्याला उचलता येईल.

टिपण वाचून झाल्यावर कोणीतरी विचारले, "बनकर, तुम्ही जिल्ह्याची योजना सांगताय की लोहाराच्या भात्याची?"

"सध्या दोन्ही एकाच शेडमध्ये बसतील," साहेब म्हणाले.

लोक हसले. हसण्यामुळे असो किंवा खरेच पटल्यामुळे असो, टिपण फायलीत गेले नाही. काही महिन्यांनी पत्र आले, की प्रयोग म्हणून जिल्ह्यातल्या एका तालुक्याला अशी शेड द्यायची आहे. ज्या तालुक्याला हवी असेल त्याने स्थानिक कारागिराने केलेली एक नवी वस्तू निवडून अर्ज करावा, समिती पाहील आणि ठरवील. साहेबांनी पत्र दोनदा वाचले आणि वही न उघडताच म्हणाले, "शमुवेल."

शमुवेल मिस्त्री स्टेशन रोडला एका निंबाच्या सावलीत बसत. ऐरण, भाता, एक पत्र्याची पेटी, एवढाच त्यांचा कारखाना. इंजिन आणि पंप दुरुस्तीत आसपासच्या गावांत त्यांचे नाव होते. बोलायला सावकाश, हाताने जलद. लेथवर काही करून घ्यायचे तर ओतीव तुकडा मांडीवर घेऊन ते एसटीने नगरला जात. माप सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढे, चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांचा मेव्हणा होता. त्याने शमुवेलसाठी तिथे जागा बोलून ठेवली होती, पण नाताळापर्यंतच. नंतर ती दुसऱ्याला जाणार होती.

मिस्त्रींची बायको मार्थाबाई जेवण घेऊन येत. एकदा मी आणि साहेब तिथे उभे असताना त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी ह्यांना वहीत लिवलं, लई चांगलं केलं. पन वहीवर लोखंड कातून निघत न्हाई."

"निघत नाही," साहेब म्हणाले. "शेड आली तर निघेल."

"आन् न्हाई आली तर?"

शमुवेल म्हणाले, "न्हाई आली तर पिंपरी. मला काय तिथं जायची हौस न्हाई साहेब, पन रोज नगरची एसटी आता गुडघ्याला झेपत न्हाई."

तर मामला असा होता. शेड आली तर शमुवेल मिस्त्री राहणार होते, नाहीतर जाणार होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते.

त्यांनी केलेली वस्तू होती पंपाच्या पाईपाला अगदी खाली, विहिरीच्या पाण्यात बसवायचा फूट व्हॉल्व्ह. शेतकरी त्याला सरळ फुटबॉल म्हणत. त्याच्या आत एक झडप असते. इंजिन बंद झाले की झडप मिटते आणि पाईपात पाणी धरून ठेवते. झडपेत वाळूचा खडा अडकला की पाणी निसटते, आणि मग पंप सुरू करण्याआधी पाईपात घागरी घागरी पाणी वरून ओतावे लागते. त्या दोन वर्षांत विहिरींनी तळ गाठला होता. पाण्यात वाळू जास्त आणि ओतायला घागरी नाहीत, असा दुहेरी पेच होता. पाईप उपसून झडप साफ करायची तर कोणीतरी साठ फूट खाली उतरायचे. शमुवेलांच्या व्हॉल्व्हला बाहेरून एक कान होता आणि कानाला दोरी. इंजिन बंद केले की वरूनच दोरीला हिसका द्यायचा. झडप उघडते, पाईपातले थोडे पाणी जोरात खाली येते, खडा धुऊन नेते. दोरी सोडली की झडप मिटते. कोणी खाली उतरायला नको.

अर्जाचा नमुना मी मशीनवर चढवला. साहेबांनी मजकूर सांगितला आणि मग दुसरी वही उघडून म्हणाले, "आता यादी जोडा." कोणाकोणाच्या विहिरीत असा व्हॉल्व्ह चालू आहे, कोणत्या गावात, आणि तो कोणी केला. एकोणीस विहिरी, सात गावे. त्यातले फक्त चार व्हॉल्व्ह शमुवेलांनी केलेले होते. बाकीचे पंधरा दुसऱ्या पाच मिस्त्रींनी पाहून पाहून केले होते. याद्या करणे हे माझ्या आवडीचे काम. मी ती रकाने आखून, गावांच्या अकारविल्हे क्रमाने, एकही खाडाखोड न करता केली. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून ती वाचली.

"साहेब, ही यादी जोडू नका."

"का? यादी हाच पुरावा आहे."

"कशाचा पुरावा? नवीन वस्तू मागितलीय त्यांनी."

"नवीनच आहे. चांगली नसती तर एकोणीस जणांनी बसवली असती का?"

भाऊसाहेबांनी यादी माझ्या हातात परत दिली. त्यांना नोकरीची पंचवीस वर्षे झाली होती आणि अर्ज कसा वाचला जातो हे त्यांना माहीत होते. साहेबांना वस्तू कशी वाचायची हे माहीत होते. मला त्या वेळी साहेबांचे म्हणणे बरोबर वाटले. त्यात माझी यादी सुबक झाली होती याचाही वाटा असेल.

अर्जाचे उत्तर तीन आठवड्यांत आले. सदर वस्तू परिसरात आधीच सर्रास वापरात असल्याचे सोबतच्या यादीवरून दिसते, सबब ती नवीन मानता येत नाही. साहेबांनी पत्र खिशात घातले आणि पहिल्या एसटीने नगर गाठले. समितीचे सचिव भले गृहस्थ होते. त्यांनी वाट सांगितली. यादी काढून टाका. शमुवेल हेच एकटे कल्पक आहेत असे लिहा, आणि बाकीच्या पाच मिस्त्रींकडून लेखी घ्या, की आम्ही ही वस्तू यापुढे करणार नाही. एवढे आले तर मी अर्ज पुन्हा ठेवतो.

साहेब तयार झाले. हे मला सांगायला हवे, कारण त्यांच्याविषयी बोलताना लोक ही गोष्ट गाळतात. पाच मिस्त्रींनी द्यायच्या लेखी मजकुराच्या पाच प्रती त्यांनी माझ्याकडून टाईप करून घेतल्या आणि निंबाखाली गेले. नव्याने केलेल्या दुसऱ्या अर्जावर शमुवेलांची सही हवी होती म्हणून मीही बरोबर होते.

शमुवेलांनी एक कागद घेतला आणि अक्षराला बोट लावत वाचला. त्यांना वाचायला वेळ लागे, पण त्यांनी तो दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतला नाही.

"म्हंजे हे पाच जण आता करनार न्हाईत."

"शेड येईपर्यंत," साहेब म्हणाले. "मग बघू."

"कागदात शेड येईपर्यंत लिवलं न्हाई."

"नाही."

"आन् त्या एकोणीस विहिरीत बिघाड झाला तर? त्या बाजूला राहात्यापर्यंत नामदेव बघतो. इकडं याकोब बघतो. मी एकटा कुठं कुठं जाऊ? आन् दर रविवारी प्रार्थनेला मंदिरात मी आन् याकोब एकाच बाकावर बसतो. त्याच्यापुढं हा कागद धरू?"

"मिस्त्री, तुमची वस्तू आहे."

"माझी?" शमुवेलांनी कागद ऐरणीवर ठेवला आणि त्यावर हातोडी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. "कान माझा हाय. झडपंला रबर मिळंना तवा जुन्या मोटंचं चामडं कापून याकोबानं लावलं. दोरी तर टाकळीभानच्या एका बाईची. तिच्या विहिरीवर म्या बघितली. साधी चऱ्हाटाची दोरी बांधली हुती तिनं झडपंला. आता सांगा, एका माणसाचं नाव लिवायचं ते कुनाचं लिवू?"

साहेबांनी पिशवीतून पहिली वही काढली आणि विचारले, "त्या बाईंचं नाव काय?"

"नाव कुनाला ठावं?"

ते दुसऱ्या दिवशी सायकलने टाकळीभानला गेले. रंगनाथाने सांगितलेली हकीकत अशी. बाई गोठ्यात होत्या. कचेरीतून माणूस आलाय म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला आणि विचारले, "काय पायजे? दोरी परत न्यायला आलाय का काय? ती माझ्या घरची हाय."

"दोरी नको. नाव पाहिजे."

"त्यांचं नाव लिवा की," त्यांनी खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडे हनुवटीने दाखवले.

"दोरी कुणी बांधली?"

"मी. ह्यांना खाली उतरायचं जिवावर येतं. रोज माझ्या डोक्यावर घागरी. मंग बांधली."

"मग तुमचं नाव सांगा."

नवरा म्हणाला, "सांग की, चंद्रभागा. त्यात काय." तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आले, की बायकोचे नाव परक्यापुढे त्यानेच घेतले. साहेबांनी लिहून घेतले.

तिसरा अर्ज मी केला तो असा. कल्पकाचे नाव, या एका ओळीच्या जागेत सात नावे बसवली. शमुवेल, याकोब, चंद्रभागाबाई आणि त्या वस्तूत काही ना काही भर घातलेले बाकीचे चार मिस्त्री. अक्षरे दाटून बसवावी लागली. सह्या न झालेल्या त्या पाच प्रती साहेबांनी परत आणल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "बाई, मागची बाजू कोरी आहे. कच्च्या कामाला वापरा." त्या विषयावर ते एवढेच बोलले.

उत्तर आले. एकाच व्यक्तीचे नाव लिहून अर्ज पुन्हा सादर करावा. पुन्हा सादर करण्याची मुदत तोवर संपली होती. शेड दुसऱ्या एका तालुक्याला गेली. तिथून जी वस्तू आली होती तिचा नमुना एकच होता आणि तो समितीच्या टेबलावर होता. एवढे मात्र लिहिले पाहिजे, की त्या शेडमध्ये पुढे काही तरुण लेथचे काम शिकून बाहेर पडले असे मी नंतर ऐकले. शेड वाया गेली नाही. आमच्याकडे आली नाही, इतकेच.

मार्थाबाईंनी सामान बांधायला घेतले. नाताळाला अजून पंधरा दिवस होते, पण मेव्हण्याचे पत्र आले होते, की लवकर हजर झाले तर बरे. त्याच आठवड्यात साहेबांच्या बदलीचा हुकूम आला, पाथर्डीला. कशामुळे आला ते मला माहीत नाही. भाऊसाहेब म्हणत की बागाईतदारांमुळे. साहेब म्हणत की पाथर्डीची जागा रिकामी होती म्हणून. सोमवारी ते तिकडे हजर होणार होते. मी शनिवारपासून आठवड्याच्या रजेवर राहुरीला माहेरी निघाले होते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांचा निरोप घेतला. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. "बाई, तुमची यादी उत्तम होती. चूक यादीची नव्हती." मग म्हणाले, "त्या तिसऱ्या अर्जात लोणीच्या मिस्त्रीचं आडनाव मात्र चुकलंय." ते खरे होते. मी नंतर तपासले.

शनिवारी सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर गेले. स्टेशनच्या पाटीवर नाव बेलापूर, गाव श्रीरामपूर, त्यामुळे नवखा माणूस तिथे नेहमी गोंधळतो. फलाटावर एक नवखे कुटुंब मार्थाबाईंना हेच विचारत होते आणि त्या आपल्या ट्रंकेवर बसून समजावून सांगत होत्या. शमुवेल त्याच गाडीने पुण्याकडे निघाले होते. त्यांना पोचवायला पाचही मिस्त्री आले होते. मला वाटले होते हार वगैरे असेल. हार नव्हता. शमुवेलांनी गोणपाटात बांधलेले लाकडी साचे आणले होते, ओतकामाचे, व्हॉल्व्हचा कान ज्यातून निघे ते. ते त्यांनी फलाटावर उघडले आणि एकेक वाटून टाकले. हा याकोबाला, हा नामदेवाला. नामदेव साचा उलटसुलट करून पाहत म्हणाला, "मिस्त्री, एवढा गुळगुळीत तुमी कधी केला? आमाला तर खडबडीत दाखवत हुता."

"तुमी चोरून बघत हुता, तवा खडबडीतच दिसनार."

बनकर साहेब या घोळक्यात उकिडवे बसले होते. एकेका साच्याचे माप घेऊन वहीत मांडत होते, कारण साचे पाच जणांत विखुरले की पूर्ण वस्तूचे माप एका जागी राहणार नव्हते. गाडी आली. सामान चढवण्याची धांदल झाली. मी बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा धरली. शमुवेल माझ्या पुढच्या डब्याच्या खिडकीत होते. मार्थाबाई त्यांच्या शेजारी, डोळ्यांना पदर लावून. घोळका खिडकीशी आला. गाडीने शिट्टी दिली.

गाडी हलली तेव्हा साहेब वही उघडी धरून खिडकीबरोबर चालू लागले.

"मिस्त्री, चामड्याची जाडी राहिली."

शमुवेलांनी कानामागे हात धरला.

"चामडं. झडपेचं. जाडी किती?"

शमुवेल काहीतरी म्हणाले, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आले नाही. साहेबांनाही आले नसावे. ते चालण्याचे पळू लागले, खांद्यावरची पिशवी मागे आपटत. शमुवेलांनी खिडकीबाहेर हात काढला, दोन बोटे उभी केली आणि तिसरे अर्धे वाकवले. साहेबांनी मान हलवली, फलाटाच्या टोकाशी थांबले आणि वही गुडघ्यावर ठेवून लिहिले. माझा डबा त्यांच्या समोरून गेला तेव्हा त्यांनी मला पाहिले नाही. ते मागून धापा टाकत आलेल्या मिस्त्रींकडे वळले होते.

"अडीच सूत," मी त्यांना म्हणताना ऐकले. "नामदेव, तू तीन लावतोस. म्हणून तुझी गळते."